विजेची वेळ

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

संयोजकांनी निमंत्रणपत्रात विषय लिहिला होता तो ‘स्वच्छ ऊर्जा संशोधन आणि हवामान धोरण : माझी वाटचाल’ असा. चाळीस वर्षांची वाटचाल एका संध्याकाळी सांगायची म्हटली की वक्ता आपल्या पदांची आणि परिषदांची यादी वाचू लागतो आणि श्रोते चोरून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागतात. तेव्हा मी आज सरळ घड्याळाबद्दलच बोलणार आहे. या क्षेत्रात मी पाऊल टाकले तेव्हा आम्हा सर्वांचे प्रश्न ‘किती’ या शब्दाने सुरू होत असत : किती युनिट वीज, युनिटमागे किती पैसे, किती टन कोळसा. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण आवरताना जुन्या वह्या हाती लागल्या, आणि लक्षात आले की शेवटच्या पंधरा-वीस वर्षांच्या वह्यांत ‘किती’ मागे पडले आहे आणि पानोपानी ‘केव्हा’ आले आहे. हा बदल माझ्यात ज्या माणसांनी घडवला, त्यांतली बहुतेक विद्यापीठाची पायरी न चढलेली होती. त्यांच्याविषयी सांगायचे म्हणून हे निमंत्रण मी स्वीकारले.

वेळेचा हट्ट मुंबईकराला नवा नाही. या शहराला एके काळी स्वतःची वेळ होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागेच चालत राहिली आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे महापालिकेने ती सोडली नाही. माणसांना अशा दोन वेळा पाळता येतात, विजेला येत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची वीजवाहिन्यांची जाळी उर्वरित देशाशी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची मोठी जनित्रे एकाच तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या तालात फिरतात. कोणी बटन दाबले की त्या क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि पुरवठा मागे राहिला तर तो ताल किंचित मंदावतो, उलट झाले तर किंचित वाढतो, आणि हे ‘किंचित’ ओढून जागेवर आणण्यात काही माणसांचे आयुष्य जाते. त्या माणसांकडे पुढे येईन.

माझे आजोळ पाटण तालुक्यातले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गिरगावातून तिकडे जात असू. रात्री अंगणात बाजेवर पडले की डोंगराच्या कडेने गेलेले विजेचे मनोरे चांदण्यात दिसत. कोयनेची वीज १९६२ पासून त्या तारांवरून मुंबईकडे येऊ लागली होती आणि आजीच्या घरात रॉकेलची चिमणी जळत होती. ‘ही लाईट कुठे जाते?’ असे मी आजीला विचारले तेव्हा तिने ‘तुझ्याकडेच’ असे उत्तर दिले. त्यात तक्रार नव्हती, पण ते माझ्या मनातून गेले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आजोळच्या घराची मागची भिंत पडली, आणि इकडे मुंबईत वीजपुरवठा खंडित होऊन वडिलांची गिरणी बंद राहिली. एका डोंगरातले काही हलले की दुसऱ्या शहरातला माग थांबतो, हे दहा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळले. पदार्थविज्ञान नंतर आले.

याच्याही मागे गेलो तर मुंबईची पहिली मोठी वीज पाण्याचीच होती हे आठवावे लागते. लोणावळ्याच्या माथ्यावरची तळी, तिथून घाट उतरून खोपोलीला येणारे नळ आणि १९१५ मध्ये सुरू झालेले टाटांचे वीजगृह. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. धूर ओकणाऱ्या गिरण्यांना धुराविना चालवणारी ही वीज होती आणि आजच्या भाषेत तिला आपण निःसंकोच ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणू. पण तिच्यासाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले, १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले ते त्या लढ्यातून. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला मुळशी सांगत असे. त्यांना वाटे बाई इतिहास शिकवताहेत. धुराचा हिशेब शून्य आला म्हणून सगळा हिशेब शून्य होत नाही, हे सौर प्रकल्पांसाठी गायरान मागणाऱ्या आजच्या पिढीला सांगण्याचा दुसरा सोपा मार्ग मला सापडला नाही.

मी अभियांत्रिकीला आले तेव्हा १९७३ चा तेलाचा धक्का ताजा होता, पीएच.डी.ला बसले तेव्हा १९७९ चा दुसरा बसला होता. सरकारला अचानक सूर्याची आठवण झाली होती आणि संशोधनाला पैसे मिळत होते. माझा विषय होता सूर्यावर पाणी तापवणारी यंत्रणा, ज्याला आता सगळे सोलर वॉटर हीटर म्हणतात. काळा रंग दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेल्या नळ्या, वर काच, आणि गच्चीवर उष्णतारोधक आवरणाची टाकी. मुंबईतल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही ती बसवली. मी दर तासाला तापमान लिहीत असे, आणि दिवसभरात पडलेल्या उन्हापैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा टाकीत उतरते असा आकडा माझ्या वहीत आला. त्या काळच्या मानाने तो उत्तम होता. मी खूश, मार्गदर्शक खूश.

वसतिगृहातल्या मुली मात्र खूश नव्हत्या. त्या पहाटे साडेपाच-सहाला न्हाणीघरापुढे रांग लावत, आणि चार मजले उतरून येणाऱ्या नळात रात्रभर थंड झालेले पाणी आधी बादल्या भरभरून ओतून द्यावे लागे. टाकीचे आवरण पावसाळ्यात भिजले होते. सहा वाजेपर्यंत तिच्यातले पाणी कोमट उरे. मला हे कोणी सांगितले नाही, कारण मी विचारले नाही. मी गच्चीवर असे, न्हाणीघराशी नसे. एके दुपारी मी जिना चढत होते, तेव्हा झाडलोट करणाऱ्या बाईंनी मला अडवले. ‘बाई, तुमचं पाणी चारला या, बघा. हात घालवत नाही इतकं कढत असतं. पण चारला आंघोळ कोण करतंय?’ आणि मग त्यांनी मला मागच्या बाजूच्या मोरीकडे नेले. तिथे मेसची तेलकट पातेली त्या कढत पाण्याने धुतली जात होती. त्यांनी आणि स्वयंपाकिणीने मिळून दुपारची भांडी चार वाजेपर्यंत ठेवून द्यायचे ठरवले होते. साबण कमी लागतो, असे त्या म्हणाल्या. हल्ली ज्याला आम्ही ‘मागणी पुरवठ्याच्या वेळेकडे सरकवणे’ म्हणतो आणि ज्यावर परिषदा भरवतो, ते त्या दोघींनी मोरीवर उकिडवे बसून केले होते.

मी काय केले? काही नाही. प्रबंध छपाईला जायचा होता. तो निम्म्याचा आकडा आजही त्या प्रबंधात आहे, आणि पहाटे सहाला किती उष्णता उरते याचा तक्ता त्यात नाही. इतरांच्या चुका मी जाहीर सभांतून पुष्कळ दाखवल्या, म्हणून ही माझीही आज जाहीर सांगते.

त्याच काळात बंगळुरूचे ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डी यांचे लिखाण आमच्या हाती पडले. लोकांना ऊर्जा नको असते, शिजलेले अन्न, उजेड, पाणी, थंडावा या गोष्टी हव्या असतात. म्हणून नियोजन त्या सेवांपासून सुरू करावे, असे ते सांगत. आज हे ऐकून कोणी मान हलवेल, पण तेव्हाचे नियोजन म्हणजे दरवर्षी मागणी अमुक टक्क्यांनी वाढणार असे धरून तेवढी वीजकेंद्रे मागणे होते. रेड्डींच्या मांडणीने मला प्रयोगशाळेतून धोरणाकडे ढकलले. त्यात मी एक कलम मनाशी जोडले : ती सेवा ज्या वेळी हवी, त्या वेळी.

नव्वदच्या दशकात वीजक्षेत्र उलटेपालटे झाले. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पावरून महाराष्ट्राने वीज खरेदीचे करार म्हणजे काय हे महाग शिकून घेतले. ऊर्जाधोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने, त्यात गिरीश संत यांनी, त्या कराराचे आकडे सामान्य वाचकाला कळतील असे मांडले. विश्लेषण हेही लोकशाहीतले काम आहे हे मला त्यांच्याकडे पाहून पटले. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दर ठरवण्याआधी जनसुनावणी होऊ लागली. माझे सहकारी मला विचारत की संशोधन सोडून तू त्या सुनावण्यांत कशाला बसतेस. मी म्हणे, आकडे तिथे मिळतात. हे निम्मे खरे होते. आकड्यांमागे उभी असलेली माणसे तिथे मिळत, हे उरलेले निम्मे.

२००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे. मुंबई शहराला भारनियमन हा शब्द वर्तमानपत्रातूनच माहीत होता. मुलुंड-भांडुपचे लोक मात्र महावितरणचे ग्राहक, तेव्हा शहराच्या हद्दीत राहूनही त्यांचा जीव टांगणीला असे. ग्रामीण भागात दहा-बारा तास वीज नसे. त्या काळात एका जानेवारीत मी कराडजवळ मामेभावाकडे गेले होते. पंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येई. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. बाराच्या सुमाराला तो उठला. डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. मीही निघाले, तो नको म्हणत असताना.

उसात दारे धरणे हे काम दिवसा पाहिले असेल तर सोपे वाटते : खोऱ्याने एका सरीचे तोंड बंद करायचे, पुढच्या सरीचे उघडायचे. रात्री ते काम वेगळेच होते. तो चालताना काठी जमिनीवर आपटत होता, पाय दाणदाण टाकत होता. जनावराला चाहूल लागावी म्हणून. लाईट आली तशी शिवारातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, कारण प्रत्येकाने पेटीत ‘ऑटो’ बसवलेला होता. पाचेक मिनिटांत विजेचा दाब पडला, मोटारींचा सूर खाली गेला, आणि ओढ्यापलीकडे डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ठिणगी उडाली. फ्यूज गेला. वायरमन सकाळी येणार. भावाने आणि आणखी दोघांनी डीपीपाशी जाऊन सुकी काठी आणि तारेचा तुकडा घेऊन जे काही केले, ते मी सुरक्षेच्या कोणत्याही पुस्तकात छापू शकणार नाही. मोटारी पुन्हा सुरू झाल्या. तीनच्या सुमाराला तो बांधावर पोते टाकून बसला, आणि मी शिकलेल्या माणसाच्या सवयीने त्याला विचारू लागले की पंप किती अश्वशक्तीचा, किती तास चालतो, किती युनिट होतात.

‘ताई, युनिटचं काय घेऊन बसलीस,’ तो म्हणाला. ‘आठ तास देतात ना रात्री? त्यातले चारच द्या. पण दिवसा द्या.’

पुढच्या सुनावणीत मी हे वाक्य जसेच्या तसे सांगितले. समोरच्या बाजूच्या अधिकाऱ्याने सभ्यपणे विचारले की रात्रीच्या पुरवठ्याने शेतकऱ्याचे नुकसान होते ते किती रुपयांचे, याचा अभ्यास आहे का. नव्हता. झोपेचे, सर्पदंशाचे, वाहून गेलेल्या पाण्याचे, ऑटो लावून डोळा लागला आणि रात्रभर एकाच सरीत साचलेल्या पाण्याचे रुपये मी मांडले नव्हते. पुढची काही वर्षे मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तेच मोजले. त्यातून तयार झालेला एक अहवाल एका खात्याच्या कपाटात गेला तो तिथेच आहे. असे अहवाल लिहिणाऱ्याने कपाटाचीही थोडी माहिती ठेवावी. पाच-सहा वर्षांनी एखादा नवा अधिकारी ते उघडतो.

रात्रीची वीज शेतीला का? कारण दिवसा ती कारखान्यांना आणि शहरांना लागे, आणि कोळशाची केंद्रे रात्री बंद करता येत नसत. म्हणजे शेतकऱ्याची रात्र आपल्या दिवसाची किंमत चुकवत होती. याला सूर्य हे उत्तर उघडच दिसत होते : ऊन असते तेव्हाच पंप चालवा, मग साठवणुकीची गरजच नाही, कारण पाणी उसात साठते. पण २०१० च्या अखेरीस राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे आली होती. त्या दराने शेतीपंप चालवण्याची भाषा कोणी ऐकून घेतली नसती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला हाच दर २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत एवढी घसरण आमच्यापैकी कोणीही वर्तवली नव्हती. मी तर एका सरकारी समितीत बसून ‘सावध’ अंदाज दिला होता आणि तो हास्यास्पद ठरला. तेव्हा ‘किती’चा प्रश्न क्षुल्लक होता असे मी म्हणत नाही. तो सुटल्याशिवाय ‘केव्हा’ला तोंडच फुटले नसते.

‘प्रयास’सारख्या अभ्यासकांनी शेतीला वीज नेणारी वाहिनी वेगळी काढून तिच्या उपकेंद्राशेजारीच सौर प्रकल्प उभारण्याची कल्पना हिरिरीने मांडली होती. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा मोठा दुसरा टप्पा. मामेभावाच्या गावची वाहिनी आता दिवसा चालते. तो आता रात्री झोपतो, आणि टीव्हीवर काय काय पाहिले ते फोन करून सांगतो. मात्र २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, तिच्याविषयी माझे मन साशंक आहे. दिवसाची वीज आणि फुकटची वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने माणूस झोपतो, दुसरीने विहीर आटू शकते. भावाला हे मी सांगितले तेव्हा तो हसला आणि त्याने विषय बदलला.

आता त्या ताल सांभाळणाऱ्या माणसांकडे. राज्याचे भार प्रेषण केंद्र ऐरोलीजवळ कळव्याला आहे, पश्चिम विभागाचे अंधेरीला मरोळमध्ये. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी अशा नियंत्रण कक्षाची भेट घडवत असे. भिंतभर पडदा, त्यावर रेषा, आणि कोपऱ्यात सतत थरथरणारा एक आकडा : ४९.९८, ५०.०१, ४९.९७. दिवसाचे तिथे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी कोणते केंद्र किती वीज देणार हे आदल्या दिवशी ठरलेले असते. विद्यार्थ्यांना वाटे इथे यंत्रे निर्णय घेतात. मग फोन वाजे, आणि पाळीवरचे अभियंते कोयनेला एक जनित्रसंच चालू करायला सांगत, अगदी शेजाऱ्याकडे विरजण मागावे इतक्या सहज. पाण्याचा संच मिनिटांत चढतो. कोळशाच्या केंद्राला तेवढ्यासाठी तास लागतात.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवत असेल. टाळेबंदीत रात्री नऊला नऊ मिनिटे घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. मागणी १२-१३ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजारांहून अधिक उतरली. लोकांनी केवळ दिवे नव्हे, बरेच काही बंद केले. जाळे कोसळले नाही, आणि त्याचे मोठे श्रेय देशभरच्या जलविद्युत केंद्रांना होते, ज्यांनी नऊच्या आसपास झपाट्याने उत्पादन उतरवले आणि दिवे परत लागताच चढवले. ज्या पाण्याच्या विजेला आम्ही महाग आणि जुनी म्हणून बाजूला ठेवू लागलो होतो, तिचे मोल युनिटमध्ये मोजता येत नाही, ते त्या मिनिटांत मोजावे लागते.

हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना मी काही वेळा निरीक्षक म्हणून बसले. त्याबद्दल श्रोत्यांना फार उत्सुकता असते. सांगण्यासारखे त्या मानाने थोडे आहे. तिथे रात्री-अपरात्री एकेका शब्दावर भांडण होते. पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५ रोजी हवामान कराराच्या शेवटच्या मसुद्यात श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी ‘करावेच’ असे छापून आले, आणि अमेरिकेच्या हरकतीनंतर ते ‘करावे’ असे झाले. एका ‘च’ने संपूर्ण करार अडला होता. ग्लासगोला २०२१ मध्ये कोळशाचा वापर ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याचा शब्द आला, तो भारत आणि चीनच्या आग्रहाने, आणि त्यावर आपल्याला बरेच बोल बसले. मला तो आग्रह सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की त्याचा मोठा भाग शतकानुशतके तिथे राहतो. आज कोण किती सोडतो यापेक्षा केव्हापासून सोडत आला आहे हे तापमानाला अधिक कळते, आणि १९९१ मध्येच पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हा हिशेब माणशी आणि न्यायाच्या भाषेत मांडला होता. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, अमेरिकेतला त्याच्या सहापटीहून अधिक. मात्र हा युक्तिवाद विमानातून उतरल्यावर मुंबईतल्या वातानुकूलित दिवाणखान्यात बसून वापरता येत नाही. आजीच्या चिमणीच्या आडून आपण आपले एसी लपवतो, अशी मला नेहमी टोचणी लागे.

२०२५ च्या मध्यात देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांखेरीज इतर स्रोतांची झाली. पॅरिस कराराखाली २०३० साठी दिलेला वाढीव शब्द पाच वर्षे आधी पूर्ण झाला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे सामर्थ्य, ते केव्हा उपयोगी पडते हे त्या आकड्यात नसते. वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे सत्तर टक्के आहे. दुपारी बाराला सूर्य भरभरून देतो आणि संध्याकाळी सातला, जेव्हा दिवे, पंखे, इस्त्र्या, मिक्सर एकदम लागतात, तेव्हा काहीच देत नाही. म्हणून इगतपुरीकडच्या डोंगरातले घाटघर आता मला नव्याने महत्त्वाचे वाटते. तिथे खाली एक धरण आहे, वर एक. २००८ पासून १२५ मेगावॉटचे दोन संच स्वस्त विजेने पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करतात. चार युनिटे खर्चून तीन परत मिळतात. व्यापारी डोक्याच्या माणसाला हा आतबट्ट्याचा धंदा वाटेल, पण दुपारचे चौथे युनिट कोणाला नकोच असेल तर तोटा कसला? पूर्वी हे पाणी रात्री चढवायचे असा बेत होता. आता ते उन्हात चढवण्यात शहाणपण आहे. बॅटऱ्यांच्या किमतीही २०१० पासून नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या आहेत, तेव्हा पुढचे काम काही डोंगर करतील आणि काही पेट्या.

मुंबईची अडचण आणखी निराळी आहे. उन्हाळ्यात शहराची मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते, आणि बाहेरची वीज आत आणायला जागा नाही : एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये दाट वस्ती. खारघर-विक्रोळी ही मोठी वाहिनी वर्षानुवर्षे रखडून २०२३ मध्ये सुरू झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी शहर अंधारात गेले, लोकल थांबल्या, तेव्हा या अरुंद दारांची आठवण सर्वांना झाली होती. दार अरुंद असेल तर आतल्यांनी एकाच वेळी दाराशी गर्दी करू नये हे ओघाने आले. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकाला उन्हाच्या तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग द्यायची आहे. स्मार्ट मीटरवरून शहरात वाद पेटले आहेत, त्यांतल्या काही तक्रारी रास्त आहेत. पण वेळेचा दर असावा या कल्पनेच्या मी बाजूची आहे, आणि माझ्या सोसायटीच्या सभेत मी तसे बोलले.

आमची इमारत जुनी, सात मजली. सौर पॅनेलचा ठराव दोनदा बारगळला : गच्चीचा अर्धा भाग टाक्यांनी व्यापलेला, उरलेल्यावर दुपारनंतर शेजारच्या टॉवरची सावली, शिवाय पुनर्विकास डोक्यावर. खजिनदार म्हणाले, ‘मॅडम, जग वाचवा, पण आमचा मेन्टेनन्स वाढवू नका.’ मग मी पॅनेलचा नाद सोडून पंपाकडे वळले. महापालिकेचे पाणी आमच्याकडे संध्याकाळी येते, तळटाकीत साठते, आणि रोज पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला वॉचमन ते वर चढवत असे. मी त्याला विचारले की सातचा पंप दुपारी दोनला लावता येईल का. तो रत्नागिरीकडचा, वीस वर्षे आमच्याकडे आहे. त्याने वर बघून जरा हिशेब केला.

‘दोनला लावीन, पण टाकी तेव्हा अर्धी भरलेलीच असते. ओव्हरफ्लो झाला तर तुमच्याच खालचे बोंब मारतील. पहाटेचं थोडं कमी चढवतो, मग जागा होईल.’

गेले सात महिने पंप दोनला लागतो. सकाळच्या आंघोळींना पाणी पुरते आहे. फ्लोट बिघडला की तो स्वतः गच्चीवर जाऊन टाकीत वाकून बघतो, आणि खाली येऊन वहीत वेळ लिहितो.